त्याला आधीच लय ताप हाय

आत्ताच्या आत्ता सांगते, कारण उद्यापर्यंत थांबले तर मी हे सांगणारच नाही. मला मी चांगली माहितीये. आज दुपारी मी एका माणसाला फोन केला. पहिल्या लॉकडाऊनपासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. फोन ठेवल्यापासून शिरूरच्या खोलीत बसलीये. चहा उतू गेला, गॅस तसाच चिकट पडलाय. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

फोन कशासाठी, ते पहिलं सांगते. आमचं बंद पडलेलं गुऱ्हाळ परत चालू करायला ग्रामपंचायतीनं या महिन्यात ना हरकत दाखला दिला. आप्पांनी, म्हंजी माझ्या वडिलांनी, तो लॅमिनेट करून आणला. पण म्हणतात, "गुळवे आले तरच चुलवाण पेटवीन. न्हाईतर ऱ्हाऊ दे." आता गुळवे येणार का नाही, हे विचारायचं काम माझ्यावर आलं. आणि मीच विचारायला पायजे होतं. का, ते ऐका.

आमचं गाव दौंड तालुक्यात, पाटसवरून भीमेकडं वळलं की. ऊस कारखान्याला जातो, पण तोड वेळेवर आली नाही की लोक गुऱ्हाळाच्या दारात. गावात तीन गुऱ्हाळं होती. आमचं सगळ्यात मोठं नव्हतं, पण बाजारात आमच्या ढेपा आधी उचलल्या जायच्या. ते काय आप्पांमुळं नाही. गुळव्यांमुळं.

गुळव्या म्हंजी काहिलीपाशी, रस उकळायच्या त्या मोठ्या कढईपाशी, उभं राहून तो कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. ऐकायला एवढंच काम. पण दोन मिनिटं आधी उतरवला तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशिरा तर करपतो. आमचे गुळवे उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांनी त्याची गोळी करायचे, आणि ती गोळी ताटलीवर टाकून आवाज ऐकायचे. खरंच, आवाज. मी कितीदा कान लावला, मला तो एकसारखाच यायचा. ते हसायचे, "बिटिया, तू मोबाईल की आवाज सुन."

ते उत्तर प्रदेशातनं यायचे. दिवाळीला आठ दिवस राहिले की सहा-सात माणसं घेऊन हजर, ते उन्हाळा संपेपर्यंत. मी दुसरीत होते तेव्हापासून. गाव त्यांना भय्या म्हणायचं, त्यांची माणसं मिस्त्री म्हणायची, मी मामा म्हणायचे. आप्पा त्यांना अहो-जाहो करायचे. "गुळवे, च्या घ्या." "गुळवे, आज जेवला न्हाई तुम्ही." शेजारचे बागायतदार हसायचे आप्पांना. एकजण तर म्हणला होता, "उद्या त्यांना पाटावर बसवून ओवाळा." आप्पा म्हणले, "दसऱ्याला ट्रॅक्टरला ओवाळतो की. हा तर माणूस हाय."

मग लॉकडाऊन लागला. मी तेव्हा बारावीचे पेपर देऊन घरी. गावात काय झालं होतं, तुम्हाला आठवत असेल, सगळीकडं तेच. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पाटसकडनं येणाऱ्या रस्त्यावर जेसीबीनं चर मारला. पोरं काठ्या घेऊन पाहऱ्याला, आणि त्यांच्या पुढं आमचे भावी. भावी म्हंजी असं की, एका माणसानं दोन वर्षं गावभर फ्लेक्स लावलेले, 'भावी सरपंच' म्हणून. निवडणूक काय येत नव्हती, लॉकडाऊनमुळं अजूनच पुढं गेली. त्यामुळं गाव त्यांना नुसतं भावी म्हणायला लागलं. "भावी आलं का?" "भावी च्या प्यायलं का?" तोंडावर पण. ते बी हसायचे, पण त्यांना ते लागायचं, दिसायचं.

गुऱ्हाळाला परवानगी होती, शेतीचंच काम ते. पण दुकानं बंद, साखर मिळंना, मग सगळं गाव काकवीच्या मागं लागलं. काकवी म्हंजी गुळाच्या आधीचा तो पातळ मधासारखा पाक. कॅन घेऊन लोक येऊन उभे. पोलिसांनी आप्पांना दोनदा दम दिला, परत गर्दी दिसली तर गुऱ्हाळ सील. मग लोक येईनात, पण मामांना फोन. पहाटेपासून. मामा एका हातानं पाक ढवळतायत आणि दुसऱ्या हातानं फोन. एकदा त्या नादात एक काहील लागली. आप्पा मला म्हणले, "ग्रुपवर टाक बाई. गुळव्यांना फोन करू नका म्हणावं. काकवी लागंल त्यानं मला सांगावं, मी घरपोच देतो."

आप्पांना टाईप करता येत नाही. त्यांच्या फोनवरनं सगळं मीच टाकायचे, अजून पण मीच टाकते. गावाच्या ग्रुपवर मी टाकलं:

"काकवीसाठी गुळव्याला फोन करू नका. काकवी पाहिजे असल्यास मला सांगा. त्याला आधीच लय ताप हाय."

शेवटचं वाक्य आप्पांनी सांगितलं नव्हतं. ते माझं. मला म्हणायचं होतं डोक्याला ताप. त्रास. आपण म्हणतो ना, 'मला आधीच ताप कमी हाय का'. तसं. मी एवढ्या जोरात टाईप करते की वाक्य संपायच्या आधी पाठवलेलं असतं. पाठवलं, फोन चार्जिंगला लावला आणि भेंडीची खोडं ठेचायला बसले, पाकातली मळी काढायला त्याचं पाणी लागतं.

अर्ध्या तासानं फोन बघितला तर ग्रुप पेटलेला.

"ताप कवापासून हाय?"
"मालकाला माहीत असून काहील चालू?"
"आमी कालच काकवी आणली राव."
"कालची सांडा. भांडं बी टाका."
"गावाला सांगायची ही पद्धत हाय व्हय, काकवीच्या मेसेजमधी?"

मी लगेच लिहिलं, अहो तसला ताप न्हाई, डोक्याला ताप. त्यावर एकानं हसण्याचे तीन चेहरे टाकले आणि खाली, "आता सारवासारव." मग मी घाबरून काय केलं असेल तर तो मेसेजच उडवला. सगळ्यांसाठी डिलीट. तिथं नुसती ती ओळ राहिली, हा मेसेज डिलीट केला आहे. झालं. ज्यांना खोटं वाटत होतं त्यांना पण खरं वाटलं. स्क्रीनशॉट तर आधीच पाटसला, दौंडला, मुंबईच्या पाव्हण्यांना गेलेला. माझ्या मावशीनं वडगाव रासाईवरनं फोन केला, तुमच्याकडं सात जणांना लागण झालीये म्हणं.

आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वाचून दाखवायला लावलं. मग म्हणले, "बरोबर तर लिहिलंय. ताप तर हायच त्यांना." त्यांना पण दुसरा अर्थ दिसला नाही. मी सांगितल्यावर दिसला. मग ते खाली बसले.

दुपारी सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या, कपाळाला लावायची ती ताप मोजायची मशीन घेऊन. बिचाऱ्या चांगल्या मनानं आल्या होत्या, सगळ्यांसमोर तपासलं की विषय मिटंल म्हणून. पण मामा काहिलीपाशी उभे. त्या आगीपुढं सहा तास उभ्या माणसाचं कपाळ कसं असणार? मशीन लाल झाली. आशाताई म्हणल्या, "यांना सावलीत बसवा, परत बघते." वीस मिनिटांनी बघितलं, बरोबर आलं. पण लाल मशीनचा व्हिडिओ कुणीतरी बांधावरनं काढलेला, आणि दुसऱ्या वेळेला कुणी व्हिडिओ काढत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला माणसं आली. तीस-चाळीस. तोंडाला उपरणी, टॉवेल. अर्ध्या लोकांना मी चालीवरनं ओळखत होते. आदल्या आठवड्यात यांचेच कॅन भरून दिलेले. पुढं भावी.

आप्पा म्हणले, "रिपोर्ट करा. दौंडला न्हेऊन करा. मी खर्च करतो."

"रिपोर्ट येईपर्यंत गाव खलास व्हईल आप्पा."

"अहो, पोरीनं... मेसेज चुकला. ताप म्हंजी तसला ताप न्हाई."

"मग कसला ताप? गावाला यडं समजता?" भावी मागं वळून म्हणले, "आजपस्तोर गावाला कोण विचारत होतं? आता गावानं विचारलंय. गुऱ्हाळ बंद."

मी चरकाच्या मागं उभी होते. आप्पा 'पोरीनं' म्हणले आणि थांबले, ते मी ऐकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात असा खाली केला. गप. मग ते लोकांना म्हणले, "मीच लिहिलं. माझी चूक झाली."

मला तिथं पुढं यायला पायजे होतं. मी आले नाही. अठरा वर्षांची होते, काही लहान नव्हते.

दोघा-तिघांनी बादल्या भरल्या, चुलवाण विझवायला. तेव्हा पहिल्यांदा मामा बोलले. काहिलीत पाक तयार व्हायला आलेला. ते म्हणले, "काहील उतार लेने दो. फिर जाते हैं. अपने आप जाते हैं." आणि लोक मागं सरकले, कारण मामा दोन पावलं पुढं आले होते. एवढे चाळीस जण एका माणसाला भिऊन मागं सरकले. मामांनी ते बघितलं. मग पाठ फिरवली आणि गोळी बघायला लागले.

तसं काम चाललेलं असताना एक पोरगं, आमच्याच भावकीतलं, हात लांब करून मोबाईल त्यांच्यापुढं धरायला गेलं. स्क्रीनशॉट मोठा केलेला. "बघ, तुझ्या मालकानंच लिवलंय." मामांना वाचता यायचं, हिंदीची अक्षरं आणि आपली अक्षरं एकच. त्यांनी वाचलं. लांब होते, त्यांचं तोंड मला दिसलं नाही. एवढं दिसलं की वाचून झाल्यावर त्यांनी आप्पांकडं बघितलंच नाही. काहील उतरवली, पाक गार करायच्या वाफ्यात ओतला, ढेपा भरल्या, हात धुतले, पिशव्या घेतल्या. आप्पा गर्दीच्या पलीकडनं ओरडत होते, "गुळवे, थांबा. गुळवे, ऐका." पण त्या गलक्यात काय ऐकू येणार. सात माणसं उसातनं दौंडच्या दिशेनं गेली. आप्पांनी संध्याकाळी मोटरसायकल काढली तर पाहऱ्यावरच्या पोरांनी चावी काढून घेतली. नंतर कळलं, स्टेशनजवळच्या एका शाळेत त्यांना ठेवलंय, आणि मग रेल्वेनं गावी पाठवलं. मामांचा नंबर लागायचा बंद झाला.

त्या दिवशीच्या ढेपा कुणी घेतल्या नाहीत. आणि तिथंच थांबलं असतं तर. बातमी बाजारात गेली, त्या गावचा गूळ नको. मग बाकीची दोन गुऱ्हाळं पण बंद. कारखान्याचा पट्टा पडलेला, म्हंजी गाळप संपलेलं, आणि ऊस उभा. जे बादल्या घेऊन आले होते त्यांचाच. मग ते राग कुणावर काढणार? आप्पांवर. आमच्या पाईपलाईनचा कॉक दोनदा फोडला. आजीच्या दहाव्याला भावकीतली सोडली तर कुणी आलं नाही. निवडणूक लागली तेव्हा भावींच्या पत्रकावर पहिली ओळ, 'गाव वाचवणारा माणूस'. निवडून आले. पहिल्याच ग्रामसभेत ठराव, गुऱ्हाळाच्या धुरानं आरोग्याला धोका. तेव्हापासून गुऱ्हाळ बंदच, ते या महिन्यात दाखला मिळेपर्यंत. आप्पा गप बसून होते. मी कधी कुणाला सांगितलं नाही की मेसेज माझा. आप्पांनी पण नाही, आईला सुद्धा नाही.

आता मी शिरूरकडच्या एका कंपनीत, ठेकेदाराच्या माणसांचे कागद बघते. आधार, बँक पासबुक, फोटो. गेल्या महिन्यात साहेबांनी एक मिटिंग घेतली, परत अशी साथ आली तर कंपनीला काय काय धोका. कुणी म्हणलं मास्क, कुणी म्हणलं कच्चा माल. साहेब म्हणले, आजूबाजूची गावं गेट बंद करतील, ते पण लिहा. सगळे माना हलवत होते. मला म्हणले, "तू दौंडकडची ना, तुमच्याकडं झालं होतं का असं काही?" मी म्हणले, नाही सर.

आणि आज सकाळी एका नव्या माणसाच्या आधारवर मामांच्या गावाचं नाव. मी विचारलं, त्या गावात एक गुळाचे मिस्त्री होते. तो म्हणला, "वो तो हमारे फूफा हैं." म्हंजी आत्याचे मिस्टर. मी नंबर घेतला, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि खोलीवर येऊन फोन लावला.

"कौन?"

"मामा, मी. बिटिया."

मग, "मालक ठीक हैं?"

हे पहिलं विचारलं त्यांनी. मी हो म्हणले आणि मग जे सुरू झाले, मराठी-हिंदी सगळं एकत्र, की मामा तो मेसेज आप्पांनी नव्हता लिहिला, मी लिहिला होता. आणि ताप म्हंजी बुखार नाही, ताप म्हंजी परेशानी, लोग फोन कर करके परेशान करते थे ना, तो वाला ताप. आमच्यात असं म्हणतात.

ते ऐकत होते. मग म्हणले, "हमारे यहाँ तो ताप माने ताप."

"हो मामा."

"हम समझे मालक डर गए. डर तो सबको था. उसका बुरा नहीं लगा." मागं कुठंतरी शेळी ओरडत होती. "एक बात लगी थी. मालक ने ग्यारह साल में हमको कभी 'त्याला' नहीं कहा. उस दिन लिखा, 'त्याला'."

हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी ताप, ताप करत बसले आणि त्या माणसाला लागलं होतं ते 'त्याला'. ते पण माझंच. आप्पा बोलले होते 'गुळव्यांना'. मी 'गुळव्याला' केलं, कारण ग्रुपवर सगळे तसंच लिहितात, आणि एक अनुस्वार कमी टाईप करावा लागतो.

मी म्हणले, ते पण मीच. ते म्हणले, "चलो. अच्छा हुआ बता दिया." आणि खरंच त्यांचा आवाज हलका झाला, मला जाणवलं. म्हणून मला वाटलं आता विचारावं. दाखला मिळाला, आप्पा वाट बघतायत, दिवाळीला या.

ते म्हणले, "नहीं बिटिया."

मी म्हणले, का, आता तर कळलं ना.

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी उसातनं बाहेर पडल्यावर बंधाऱ्यापाशी पोरांनी त्यांच्यावर दगड मारले. त्यांच्या पुतण्याला डोळ्यावर लागला. म्हंजी आमच्याकडं चिपाडं वाळवायचा, सारखा गाणं म्हणायचा, तो. दौंडच्या त्या शाळेत डॉक्टर यायला तीन दिवस गेले. त्याचा तो डोळा गेला. "अब हमारे गाँव से तुम्हारे गाँव कोई नहीं आएगा. हम कहें तो भी नहीं. और हम किस मुँह से कहें."

ते बंधाऱ्यावरचे कोण असतील ते मला अंदाजानं माहितीये. त्यातल्या एकाच्या लग्नात मी गेल्या वर्षी नाचलीये.

फोन ठेवायच्या आधी ते म्हणले, "मालक को मत बताना. बोलना, मिस्त्री बूढ़ा हो गया."

आप्पांचे आत्तापर्यंत चार फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. सकाळी उत्साहात मीच त्यांना कळवलं होतं, नंबर मिळाला, दुपारी बोलते. ते गुऱ्हाळावर बसले असणार, चुलवाण साफ करायला दोन गडी लावलेत त्यांनी परवापासून. मिस्त्री म्हातारा झाला म्हणले तर आप्पा म्हणतील, मग मी जाऊन घेऊन येतो. तिकीट काढतील. मला माहितीयेत ते. आणि खरं सांगितलं तर 'मीच लिहिलं' म्हणून जे त्यांनी अंगावर घेतलं, त्यात एक डोळा पण येतो.

पाचवा फोन वाजतोय. हा उचलते.

तुमच्याकडं झालंय का असं? तुम्ही लिहिलं आणि दुसऱ्याच्या नावावर गेलं, आणि त्या माणसानं ते गपचूप घेतलं? मग तुम्ही त्याला पुढचं सांगितलंत का? काय सांगितलंत, कसं सांगितलंत, मला लिहा.